गाडीच्या आधी आलेली चाकं

आमच्या घरी गाडीच्या आधी तिची चाकं आली. चार चाकं, पडवीत, सासूबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी दोनावर दोन रचून ठेवलेली. गाडी तेव्हा कुठे होती ते शोरूमवाल्यालाही धड सांगता येत नव्हतं. कधी ती कारखान्यातून निघालेली असायची, कधी निघणारच असायची, कधी नुसतीच "प्रोसेसमध्ये" असायची. येणारा-जाणारा चाकांकडे बघून विचारायचा, "गाडी कुठं हाय?" आणि सासूबाई पडल्या पडल्या सांगायच्या, "पाय आले, धड येतंय मागनं."

आता धड आलंय. पाय त्याला बसवलेत. गाडी दारात उभी असते आणि सकाळी कचेरीत जायला मी तिचं दार उघडते तेव्हा रोज एकदा मन खचतं. लोक म्हणतात, काय मऊ चालते हो तुमची गाडी. चालते. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता, आणि ज्याच्यासाठी केला ते हातचं गेलं. गाडीचं कौतुक ऐकलं की मला समोरच्याच्या अंगावर ओरडावंसं वाटतं. ओरडत नाही. सरकारी नोकरीत एवढं तरी शिकायला मिळतं.

आमचं गाव खालापूरकडच्या चौक गावापासून जवळ, जुन्या हायवेवरून आत वळलं की. शेती भाताची, त्यातली निम्मी आता पडीक. यांची नोकरी कंपनीत, शिफ्टची. माझी खालापूरला कचेरीत. यांना कार चालवता येत नाही. कधी शिकले नाहीत, आणि का शिकले नाहीत ते विचारायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे. त्यामुळे चारचाकी आली तर ती मीच चालवणार आणि तिची सगळी उस्तवारही मीच करणार, हे न बोलता ठरलेलं होतं.

मागच्या थंडीत सासूबाई पाटावरून उठत होत्या आणि त्यांच्या पाठीत काहीतरी कट्कन वाजलं. पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. हाडं ठिसूळ झालीत, एक मणका दबलाय, बाकीचे त्याच मार्गावर आहेत. या वयात ऑपरेशन नको, पण हिसका बसू द्यायचा नाही. डॉक्टरांना सांगायला सोपं. आमच्याकडच्या रस्त्यांवर हिसका बसू न देता माणसाला न्यायचं म्हणजे उचलूनच न्यायला हवं. रिक्षा बंद झाली, टेंपो बंद झाला, यांची मोटारसायकल तर बंदच. त्या पडवीतल्या खाटेवर आल्या आणि तिथून दिसेल तेवढंच जग त्यांना उरलं.

त्याचंही त्यांनी फार काही वाटून घेतलं नाही. कडक बाई. रडताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही त्या रडल्या नाहीत, आणि त्यावरून गावातल्या बायका बरंच काही बोलल्या होत्या. त्यांना फक्त एक हवं होतं. त्यांना भावाला भेटायचं होतं.

मामा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, कर्जतच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी राहायचे. आई लवकर गेली तेव्हा या लहान बहिणीला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं त्यांनीच केलं होतं. आता तेही खाटेला लागले होते. दम लागायचा, पाय सुजायचे, आणि कानांनी ठार बहिरे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. त्यांच्या मुलानं व्हिडिओ कॉल लावला की मामा फोनकडे न बघता मुलाकडेच बघून हसायचे. इकडून सासूबाई ओरडायच्या, "दादा, ए दादा!" आणि आम्हाला दिसायचा त्यांच्या आढ्याचा पंखा. फोन ठेवला की म्हणायच्या, "जाऊन हात धरल्याबिगर त्याला कळायचं नाय मी हाय ते."

उन्हाळ्यात एकदा आम्ही शेजाऱ्यांची जीप ठरवली. सगळ्या उशा आणि दोन गाद्या आत घातल्या. कर्जत रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी ओठ दाबून धरले होते. मग एक गतिरोधक आला आणि त्या ओरडल्या, ते पुढच्या प्रत्येक गतिरोधकाला. कर्जत यायच्या आतच आम्ही जीप परत वळवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वेणी घालत होते तेव्हा त्या समोर बघत म्हणाल्या, "तो हाय तवर एकदा नेशील का गं मला?" मुलाला नाही विचारलं. मला विचारलं.

मी हो म्हटलं. एवढ्या सहज हो म्हटलं की आता त्याची भीती वाटते.

आमच्या कचेरीतल्या एकांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. तिच्यात बसले तेव्हा गाडी निघाली तरी मला कळलं नाही. थरथर नाही, घरघर नाही, गिअरचा झटका नाही. मी त्याच आठवड्यात पनवेलला शोरूम गाठली आणि चाचणीची गाडी घरी मागवली. सासूबाईंना मागे रेलवून बसवलं. आळीतून बाहेर आलो तरी त्या विचारत होत्या, "ही चालू हाय का बंद?" मला हसू आलं, आनंद झाला, आणि तेवढ्यात पहिला गतिरोधक आला. "आई गं!" गाडीचा थरथराट गेला होता, पण रस्त्याचा मार तसाच होता.

शोरूमचा माणूस मनाने भला. त्यानं खाली उतरून चाकं दाखवली. या मॉडेलला मोठं अठरा इंची मॅगव्हील, त्यामुळे टायरला जाडी उरत नाही. दिसायला झकास, पण खड्डा सरळ वर येतो. खालच्या मॉडेलला चाकं लहान, टायर जाड. मग खालचंच द्या की, म्हटलं. तर त्याला मागे रेलणारी सीट नव्हती, आणि त्या सीटशिवाय सासूबाई बसूच शकणार नव्हत्या. ज्यात सीट चांगली त्यात चाकं वाईट, आणि ज्यात चाकं चांगली त्यात सीट वाईट. मी म्हटलं, वरचं मॉडेल द्या, चाकं मी बदलीन. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, लोक ह्या चाकांसाठी वरचं मॉडेल घेतात," तो म्हणाला.

बुकिंग केलं आणि गाडीची वाट बघणं सुरू झालं. त्या दिवसांत मी दुसरं काय करणार? चाकं शोधत फिरले.

चौकला हायवेला लागून टायरची आणि मॅगव्हीलची दुकानं आहेत. पहिल्या दुकानात भिंतभर चाकं टांगलेली होती, काळी, सोनेरी, लाल कड असलेली. दुकानदारानं माझ्या मागे बघितलं, साहेब येतायत का म्हणून. साहेब येणार नव्हते. मग त्यानं मलाच विचारलं, "कितीची टाकायची? एकोणीस?"

"सोळाची," मी म्हटलं.

"आत्ता कितीची हायेत?"

"अठराची."

तो हसला. "ताई, तुमी उलटं सांगताय. लोक सोळाची काढून अठराची टाकतात."

"मला उलटंच हवंय."

"गाडी कशी दिसेल म्हायत्ये का? हत्तीला चपला घातल्यासारखी."

"तुम्ही दाखवा तर," मी म्हटलं. त्यानं दाखवली नाहीत. त्याच्याकडे नव्हतीच.

दुसऱ्यानं सांगितलं, जाड टायरने एका चार्जिंगमध्ये गाडी कमी जाईल. मी म्हटलं, मला कर्जतला जायचंय, काश्मीरला नाही. तिसऱ्यानं वॉरंटीची भीती घातली. चौथ्यानं मोठ्या चाकांवर सूट देऊ केली, मी कान दिला नाही तेव्हा भिंतीवरचं घड्याळ फुकट देऊ केलं. कचेरी सुटली की मी रोज कुठल्या ना कुठल्या टायरच्या दुकानात उभी असायचे. ओळखीचे लोक लांबून बघून जायचे. यांच्या कंपनीत कुणीतरी यांना म्हणालं, वहिनींनी टायरचा धंदा काढलाय का? हे चिडले, पण मला थांबवलं नाही. त्यांनाही माहीत होतं मी कशासाठी फिरतेय ते.

माझं काम शेवटी कुंभिवलीला झालं. तिथल्या दुकानदाराला मी काही न लपवता सगळं सांगितलं, की म्हातारं माणूस आहे, मणका दबलाय, भावाकडे न्यायचंय. त्यानं चेष्टा केली नाही. म्हणाला, बॅटरीमुळे ही गाडी जड असते, म्हणून टायर नुसतं जाड नको, वजन पेलणारंही हवं. आणि रिम लहान घेतलं तर आतल्या ब्रेकला घासतंय का ते बघायला लागेल. आतून मोकळं असलेलं एक रिम त्याला माहीत होतं, साधं राखाडी, बघून कुणाला काही वाटणार नाही असं. "दिसायला काय नाय हां," तो म्हणाला. मी म्हटलं, दिसायला काही नकोच आहे.

गणपतीच्या आधी चाकं आली. सासूबाईंनी पडल्या पडल्या त्यांना हळदकुंकू वाहायला लावलं. मग हात लांब करून टायर दाबून बघितलं आणि एकदम हसायला लागल्या. त्यांना हसताना बघून मी हातातलं काम टाकून खाली बसले.

"काय झालं?"

"पेंढा घातलाय जसा."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. लग्न होऊन या गावी यायला निघाल्या तेव्हा बैलगाडी होती आणि हाकायला दादा. दादानं गाडीत भाताचा पेंढा एवढा भरला होता की नवरी आत रुतून बसली. पाठवणीला सगळे रडत होते, ही रडेना. बायका टोचायला लागल्या, अशी कशी कोरडी पोर. गाडी गावाबाहेर आली तरी हिचा चेहरा दगडासारखा. "मंग दादानं काय केलं, बैल वाटेवरनं खाली घातलं. दगडावरनं, बांधावरनं, अशी गाडी आदळत आदळत नेली. मी केवढ्यांदा वरडले! तो मागं बघंना. म्हनला, बाय, आता लागलंय ना, मंग रड. लागलं म्हनून रड. मी काय कुनाला सांगत नाय." त्यांनी पुन्हा टायर दाबलं. "जी रडले ती पार नदीपातूर."

त्या दिवसांत आमच्या घरी कधी नव्हे इतकं बरं चाललं होतं. त्या मला म्हणायच्या, "दादा बग काय म्हनंल, तुला डायवर बगून." आणि मामांच्या घरूनही निरोप आला होता, की बाय येणार हे मामांना पाटीवर लिहून दाखवलंय आणि त्यांना कळलंय.

गणपती गेले आणि शोरूममधून फोन आला. गाडी आली. पासिंग, नंबर वगैरे दोन-चार दिवसांत करून देतो. मी कचेरीतच ओरडले. संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पितृपक्ष कदी लागतोय?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे पितरांच्या पंधरवड्यात कुणी साधी कढई नवी आणत नाही, मग गाडी तर लांबच. त्या दिवसांत पनवेलच्या शोरूमा ओस असतात; तिथले लोकही "ताई, घटस्थापनेला घ्या ना" असंच सांगतात. मी म्हटलं, आई, आपल्याला हौसेला घ्यायची नाहीये. त्यांनी मान हलवली. पितरं उठलेली असतात, त्यांच्या वाटेत नवं वाहन आणायचं नाही. यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "आई म्हणते तर राहू दे. दोन आठवड्यांनी काय फरक पडतोय." हे वाक्य त्यांनी नंतर स्वतःशी किती वेळा म्हटलं असेल ते त्यांनाच माहीत.

निदान चाकं तरी लावून घेऊ, म्हणून मी टेंपो करून चाकं पनवेलला नेली. याला सासूबाईंची ना नव्हती, चाकं गणपतीच्या आधीच घरात आली होती. कुंभिवलीचा दुकानदार स्वतः सोबत आला. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत गाड्यांची रांग होती, पाऊस आणि चिखल खात उभी, आणि त्यात आमची. त्यानं मोठी चाकं काढली, आपली लावली, प्रत्येक चाक हाताने फिरवून कान लावून ऐकलं. कुठे घासत नव्हतं. मी मागच्या सीटवर, सासूबाई बसणार तिथे बसले आणि त्याला तिथल्या उंचवट्यावरून, खड्ड्यातून गाडी फिरवायला लावली. पाण्यातून होडी जावी तशी गाडी गेली. मी डोळे मिटून बसले होते. सगळं तयार होतं. गाडी होती, चाकं होती, चालवणारी होती, आणि कर्जतच्या पुढे म्हातारा वाट बघत होता. मी खाली उतरले, किल्ली त्यांच्या माणसाकडे दिली आणि रिकाम्या टेंपोतून घरी आले.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंजवळ बसले आणि मनाशी रचून ठेवलेली पळवाट सांगितली. गाडी घरी आणतच नाही. दुसऱ्या कुणाची आणली असं समजायचं. परस्पर तुम्हाला नेते, मामांना भेटवते, परत गाडी शोरूममध्ये. पूजा, नारळ, सगळं घटस्थापनेला. आपल्या दारात आलीच नाही तर कसला दोष?

त्यांनाही मोह झाला होता, तो मला दिसत होता. बोटं गोधडीची शिवण उसवत होती. मग म्हणाल्या, "आपल्या दारात नाय. पर त्याच्या दारात जाईल ना ती."

"जाऊ दे की."

"पितरांच्या दिसांत, त्याच्या दारात, नवी गाडी घेऊन जाऊ? आदीच तो असा. त्याला काय झालं म्हंजी?" आणि माझा हात दाबला. "दम धर गं. तो कुटं पळून चाललाय?"

स्वतःच्या भीतीने त्या अडल्या असत्या तर मी भांडले असते. मी भांडणारी बाई आहे. पण त्या त्याच्यासाठी अडल्या होत्या, आणि तिथे मला बोलता येईना. मला त्यांचा राग आला. अजून येतो. दुपारी जेवायला वाढताना येतो, पाठीला तेल लावताना येतो, आणि तेल लावताना येतो म्हणून स्वतःचाही येतो.

पंधरवडा संपत आला. सासऱ्यांची तिथ झाली, पानाला कावळा शिवला. घटस्थापनेचं सगळं ठरलं, शोरूमला कळवलं. आणि सर्वपित्री अमावास्येला आमच्या भावकीतले एक आजोबा गेले. खूप म्हातारे, वर्षभर अंथरुणात होते, कुणाला धक्का बसला नाही. पण भावकी एक म्हणजे सुतक एक. घरात घट बसला नाही, देवाला दिवा नाही, मग नवी गाडी कसली येतेय. आता दसऱ्यालाच. सासूबाईंना हे सांगायची गरज पडली नाही. रडण्याचा आवाज पडवीत ऐकू आला तेव्हाच त्यांनी डोळे मिटून घेतले. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर डोकं टेकून उभी राहिले. मला तेव्हाच कळलं होतं की हे आता आपल्या हातून होत नाही.

दसरा दोन दिवसांवर आला असताना सकाळी मामांच्या मुलाचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते.

हे शर्ट घालायला लागले. मी सासूबाईंना म्हटलं, "मी आत्ता जाते पनवेलला. गाडी घेऊन येते, तुम्हाला नेते. सुतकबितक काही ऐकणार नाही मी." मला वाटलं त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "तू पनवेलला जानार, कागद करनार, हितं येनार, मंग कर्जत. तवर ठेवतील का ते त्याला?" ठेवणार नव्हते. दुपारीच उचलणार होते. हे मोटारसायकलवरून एकटे गेले. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत पाणी घेतलं नाही, आणि रडल्याही नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "दसऱ्याला गाडी आना. आता काय व्हायचं ऱ्हायलंय."

दसऱ्याला शोरूममध्ये जत्रा होती. प्रत्येक गाडीला झेंडूचे हार, पेढे, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत फोटो. आम्ही हार आणला नव्हता. तिथल्या पोरींनी बळेच कुंकवाचं बोट लावलं आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मी गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली, पण आत त्याचा काही पत्ता लागला नाही.

मामांच्या दहाव्याला मी सासूबाईंना घेऊन निघाले. हे भल्या सकाळीच पुढे नदीवर गेले होते. ज्या गतिरोधकांनी उन्हाळ्यात आम्हाला परत फिरवलं होतं, ते एकामागून एक येत गेले आणि जात गेले. मी आरशात बघत होते. त्या खिडकीतून भातं बघत होत्या, पिवळी पडायला लागलेली, काही ठिकाणी आडवी झालेली. कर्जत मागे पडलं. ज्या रस्त्यासाठी मी उन्हाळ्यापासून झटले तो इतका सहज संपला की मला गाडी थांबवून स्टिअरिंगवर हात आपटावेसे वाटले.

मामांच्या घराकडे वळणारी वाट मला आठवत होती, पावसाळ्यात तिथे गुडघाभर खड्डे असायचे. या वेळी ती सपाट होती. नवा मुरूम घातलेला, त्यावर पेंढा पसरून दाबलेला, आता पावसाने काळा झालेला. मामांचा मुलगा गाडीला हात लावून चालत होता. मी काच खाली केली. "बाबांनी बुजवून घेतलं," तो म्हणाला. "बाय येनार, तिची पाठ दुखतंय, म्हनून. पितृपक्षात रोज दारात खाट टाकायला लावून बगायचे, आमी नीट दाबतोय का नाय ते." मी मागे बघितलं नाही.

घरात बायका वाट बघत होत्या. बहीण आली, आता गळा काढील, म्हणून सगळ्या जरा पुढे सरकल्या. सासूबाईंना आम्ही खुर्चीवरून आत नेलं. मामांची खाट भिंतीला उभी केली होती. त्या तिच्याकडे बघत बसल्या. भावजय गळ्यात पडून रडली, तिच्या पाठीवरून सासूबाईंनी हात फिरवला. स्वतः रडल्या नाहीत. एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं, आणि त्यांनाही आलं असणार.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. हे मोटारसायकलवर मागून येत होते. वाट संपली, मोठा रस्ता लागला. मागून आवाज आला.

"पोरी."

"हं, आई. पाणी देऊ?"

"जरा खड्ड्यातनं घे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आरशात बघितलं. त्यांनी खिडकीवरची कडी घट्ट धरली होती आणि त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या, कशाची तरी तयारी केल्यासारख्या.

"आई, तुमचा मणका..."

"घे गं."

मग मला कळलं त्या काय मागतायत ते. पुढे एक खड्डा होता, डाव्या हाताला, पाण्याने भरलेला. जो चुकवायला मी इतके दिवस शिकले होते तो मी समोरून धरला. चाक आत गेलं आणि वर आलं. गाडी किंचित झुलली.

"नाय लागलं," त्या म्हणाल्या. "अजून एक घे."

पुढचा मोठा होता. मी वेग वाढवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रस्ता नीट दिसत नव्हता, तरी मी चाक बरोबर त्याच्या मधोमध घातलं. जाड टायरने तोही गिळला. ओढ्यावरची मोरी आली, तिच्यावरून घेतली. गतिरोधक आला, ब्रेक न लावता घेतला. मागून हॉर्न वाजला, हे असणार. मी आरशात बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं, मान ताणलेली होती, सगळं अंग वाट बघत होतं. आवाज येत नव्हता.

शेवटी त्यांनी कडी सोडली. हात मांडीवर ठेवून त्या मागे रेलल्या.

"लय चांगली चाकं घेतलीस गं तू," त्या म्हणाल्या.